द्राक्षाच्या काड्या, लिग्निन आणि तो काळा गोळा

निफाड तालुक्यातून एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: घरची द्राक्षबाग आहे. एप्रिलच्या खरड छाटणीत ढीगभर काड्या निघतात, काहींची कुट्टी होते, बाकीच्या बांधावर पेटतात. त्या काड्यांतलं लिग्निन (लाकडाला घट्टपणा देणारं, मोठ्या रेणूंचं द्रव्य) तोडून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारा रेणू, काढायचं, असा प्रकल्प घेतला. द्रावक 'हिरवं' हवं म्हणून कोलीन क्लोराईड आणि लॅक्टिक ॲसिडचं मिश्रण वापरलं. १३० अंशांना सहा तास तापवून पाण्यात ओतलं, तर तळाला काळा, चिकट गोळा बसला. जीसी-एमएस या तपासणी यंत्रात व्हॅनिलिनचा मागमूस नाही. सर म्हणतात तापमान वाढव, मित्र म्हणतो द्रावक बदल. काय करू?

आधी तापमानाचं सांगतो, कारण तेवढं जरी आजच थांबलं तरी तुमचा महिना वाचेल. वाढवू नका, कमी करा. द्रावक बदलायचं की नाही हे तुमच्याकडे कुठलं भांडं आहे आणि शेवटी काय हातात हवं आहे यावर ठरेल, त्याकडे येतोच. मी नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात, वापरलेली द्रावकं परत मिळवण्याच्या कामात पंचवीसेक वर्षं काढली आणि त्यातली काही वर्षं लिग्निनच्या मागे गेली. तेव्हा माझा चष्मा कारखान्याचा आहे, हे आधीच कबूल करतो. शोधनिबंध लिहिणाऱ्याला यातल्या काही गोष्टी वेगळ्या दिसतील.

तुम्हाला वाटतंय की लिग्निन तुटलं नाही. माझ्या मते ते तुटलं होतं. तुटलं आणि परत जुळलं, आणि दुसऱ्यांदा जुळलं ते पहिल्यापेक्षा पक्कं. बहुतेक सगळे नवखे इथेच अडकतात, मीही अडकलो होतो.

लाकडात लिग्निन बसतं ते तीन प्रकारच्या वलयांचं, ज्यांना आपण एच, जी आणि एस म्हणतो. चीड-देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांत जवळपास सगळं जी. द्राक्षवेलीसारख्या रुंद पानांच्या झाडांत जी आणि एस दोन्ही. उसात, बांबूत, गव्हाच्या काडात तिन्ही, आणि वर फेरुलिक, कुमारिक ही आम्लं चिकटलेली. ही वलयं एकमेकांना जोडणारा सर्वांत मोठा सांधा बीटा-ओ-४. लाकडातल्या एकूण सांध्यांपैकी साधारण निम्मे किंवा थोडे जास्त याच जातीचे असतात. तो कार्बन-ऑक्सिजन बंध आहे, म्हणून आम्लाने, अल्कलीने, हायड्रोजनने तुटतो. उरलेल्यांतले बरेच सांधे कार्बन-कार्बनचे. ते तुमच्या १३० अंशांना हलणारसुद्धा नाहीत.

आता आम्लात काय होतं ते बघा. वलयाच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट पाणी होऊन निघून जातो आणि तिथे धनभारित, भुकेला कार्बन उरतो. याच टप्प्यावरून बीटा-ओ-४ तुटण्याची वाट सुरू होते. पण त्याच भांड्यात शेजारी मेथॉक्सी आणि फिनॉल गट असलेली वलयं तरंगत असतात, इलेक्ट्रॉनने भरलेली. भुकेला कार्बन सरळ त्यांच्यावर जाऊन बसतो आणि नवा कार्बन-कार्बन बंध तयार होतो. शिवाय तुटताना जे छोटे आल्डिहाइड सुटतात तेही असेच चिकटतात. चिक्कीचा पाक करताना एक क्षण असा असतो की त्यानंतर आच बंद केली तरी पाक पुढे गेलेला असतो. १३० अंशांना सहा तास म्हणजे तुमचा पाक पुढे गेला.

त्यात आणखी एक भानगड. काडीतल्या हेमिसेल्युलोजमधून झायलोज नावाची साखर सुटते, तिचं आम्लात फुरफुराल होतं, आणि तेही आपापसांत जुळून काळं, आम्लात न विरघळणारं काहीतरी बनवतं. याला खोटं लिग्निन म्हणतात. तराजूला ते खऱ्या लिग्निनसारखंच दिसतं. तुमच्या गोळ्याचा काही भाग मुळात लिग्निन नसण्याची दाट शक्यता आहे.

म्हणून द्रावक निवडताना मी 'हे लिग्निन विरघळवतं का' हा प्रश्न शेवटी विचारतो. विरघळवणारी पुष्कळ आहेत. मला आधी हवं असतं ते दुसरं उत्तर: तुटलेला तुकडा हे द्रावक सांभाळतं का, आणि काम झाल्यावर स्वतः परत येतं का?

सांभाळणं म्हणजे काय, ते अल्कोहोलच्या उदाहरणाने पटकन कळतं. इथेनॉल किंवा ब्युटेनॉल आसपास भरपूर असलं की भुकेल्या कार्बनवर शेजारचं वलय पोहोचण्याआधी अल्कोहोलचा रेणू जाऊन बसतो. तिथे ईथर होतं, जागा अडते, बीटा-ओ-४ सांधा शाबूत राहतो आणि पुढच्या पायरीत तो आपल्याला हवा तेव्हा तोडता येतो. इथिलीन ग्लायकॉल वेगळ्या तऱ्हेने मदत करतं. तुटताना सुटणाऱ्या आल्डिहाइडला ते ॲसिटालमध्ये बांधून टाकतं. फॉर्माल्डिहाइडने दोन हायड्रॉक्सिल बांधून ठेवण्याची युक्ती स्वित्झर्लंडमधल्या लुटरबाखर यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवली. पण फॉर्माल्डिहाइड म्हटल्यावर 'हिरवं' शब्द जपूनच वापरावा लागतो. बेल्जियममधल्या बर्ट सेल्स यांच्या गटाने आणि इतरांनी पुढे नेलेली 'लिग्निन आधी' ही वाट तर लिग्निन वेगळं काढण्याच्या भानगडीतच पडत नाही. लाकूड, मिथेनॉलसारखं अल्कोहोल आणि रुथेनियम, पॅलॅडियम किंवा निकेलचा उत्प्रेरक एकत्र २०० ते २५० अंशांना तापवायचं, म्हणजे तुकडा सुटला रे सुटला की हायड्रोजन मिळून शांत होतो. बर्चसारख्या लाकडात लिग्निनच्या निम्म्याच्या आसपास एकेरी रेणू मिळतात. उत्तम पद्धत, पण तिला दाब पेलणारं ऑटोक्लेव्ह लागतं. २०० अंशांना इथेनॉलचा बाष्पदाब ३० बारच्या घरात जातो, मिथेनॉलचा ४० च्या. तुमच्या विभागात तसं भांडं आणि ते चालवणारा अनुभवी माणूस असेल तर ठीक. नसेल तर कुठल्याही बंद स्टीलच्या डब्यात अल्कोहोल तापवण्याचा विचारही करू नका. स्वयंपाकाचा कुकर एक बार जादा दाबाचा, १२१ अंशांचा असतो. 'कुकर चालेल का' हा प्रश्न मला दोघांनी विचारला आहे म्हणून लिहितोय.

तुमच्या मिश्रणाबद्दल आता. कोलीन क्लोराईड ३०० अंशांच्या वर वितळतं, युरिया १३३ ला. दोन्ही एकास दोन रेणू या प्रमाणात मिसळले तर १२ अंशांना पातळ! लेस्टरच्या ॲबट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे छापलं आणि तेव्हापासून अशा मिश्रणांचं पीक आलं. युरियाच्या जागी लॅक्टिक ॲसिड घातलं की ते लिग्निन चांगलं ओढतं. वाफ जवळपास नाही, आग लागण्याची भीती कमी, काचेच्या उघड्या भांड्यात काम होतं. हे गुण खरे आहेत, कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी तर मोठे आहेत. पण ते तुकडा सांभाळत नाही. आम्ल आहे, अडवणारं अल्कोहोल पुरेसं नाही. शिवाय तापल्यावर लॅक्टिक ॲसिड स्वतःशी आणि कोलीनच्या हायड्रॉक्सिलशी एस्टर करतं, म्हणजे चौथ्या-पाचव्या वापरात तुमच्या बाटलीत लेबलावर लिहिलेलं मिश्रण राहिलेलंच नसतं. आणि क्लोराईडमुळे स्टीलला भोकं पडतात. आमच्याकडे ३१६ स्टीलचं छोटं भांडं होतं, दोन महिन्यांत वेल्डिंगच्या रेषेवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसू लागले. काच किंवा टेफ्लॉनचं अस्तर, तिसरा पर्याय धरू नका.

कोलीन क्लोराईड कुठून घेतलं, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. विचारतोय त्याला कारण आहे. आपल्या जिल्ह्यात पोल्ट्री भरपूर, त्यामुळे कोंबडीखाद्यात घालायचं कोलीन क्लोराईड पोत्याने आणि स्वस्त मिळतं. आम्ही तेच आणलं होतं. पहिल्याच खेपेत १०० ग्रॅम लाकडातून ३८ ग्रॅम लिग्निन! लाकडात मुळात होतं पंचवीसच्या आसपास. आम्ही खूश, तिसऱ्या खेपेपर्यंत अहवालाचा मसुदाही तयार. मग घरी कोंबड्या पाळणारा आमचा एक ऑपरेटर पोत्याजवळ वाकला, चिमूटभर हातावर घेऊन चोळलं आणि म्हणाला, "साहेब, यात मक्याच्या बुरकुंडाचा भुसा आहे." पोत्यावर लिहिलेलंच होतं: ६० टक्के, मक्याच्या कणसाच्या भुशावर. म्हणजे लाकडाचं लिग्निन मोजतोय असं समजून आम्ही मक्याचंही काढत होतो. तेव्हापासून मी रसायनाची बाटली उघडण्याआधी लेबलावरची बारीक अक्षरं वाचतो. तुमचं मिश्रण गाळल्यावर तांबूस-पिवळा भुसा उरत असेल किंवा भुकटी दाणेदार, माशासारखा वास मारणारी असेल, तर ते पोतं पोल्ट्रीला परत द्या आणि प्रयोगशाळेच्या दर्जाचं, ९८ टक्क्यांच्या वरचं आणा. ते हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा वजन करण्याआधी निर्वात भट्टीत सुकवा.

आता 'परत येतं का' याचा हिशेब मांडतो. माझ्या दृष्टीने द्रावकाचा हिरवेपणा इथेच ठरतो. लेबलावर 'वनस्पतीजन्य', 'विघटनशील' असं लिहिलं म्हणून मी खूश होत नाही.

समजा एक किलो सुक्या काड्या, दहा किलो मिश्रण. लिग्निन खाली पाडायला आणि काड्यांचा उरलेला लगदा धुवायला मिळून तीस किलो पाणी, हे तसं कंजूषपणाचं प्रमाण आहे. मिश्रण परत वापरायचं तर हे तीस किलो पाणी उडवावं लागेल. एक किलो पाण्याची वाफ करायला २.२६ मेगाज्यूल लागतात, म्हणजे तीस किलोला जवळपास ६८. तेवढं पाणी उकळीला नेण्याची उष्णता वेगळीच. एक किलो सुकी काडी जाळली तर १७-१८ मेगाज्यूल मिळतात. म्हणजे एका किलोतून लिग्निन काढून द्रावक परत आणायला साधारण चार किलो काड्या चुलीत घालायच्या! साखर कारखान्यातला कुणी ओळखीचा असेल तर तो म्हणेल, चार टप्प्यांचं बाष्पीभवन लावा, पहिल्याची वाफ दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. बरोबर आहे, त्याने खर्च साधारण चौथ्या हिश्शावर येईल. म्हणजे तरी अख्खा एक किलो काडी. लिग्निन किती मिळणार? फार तर दीड-दोनशे ग्रॅम.

गळतीचा हिशेब याहून बोचरा. 'द्रावकाची ९५ टक्के पुनर्प्राप्ती' असं वाक्य शोधनिबंधात वाचून छान वाटतं. दहा किलोचे पाच टक्के म्हणजे अर्धा किलो. दोनशे ग्रॅम लिग्निनसाठी पाचशे ग्रॅम द्रावक गेलं. दहा फेऱ्यांनी मूळ मिश्रणातलं साठ टक्केच उरतं. ९९ टक्के परत आणलं तरी दर खेपेला शंभर ग्रॅम जातातच. म्हणून तुमच्या प्रबंधात 'हिरवं द्रावक' हा शब्द वापरणार असाल तर शेजारी दोन आकडे द्या: एक ग्रॅम लिग्निनमागे किती ग्रॅम द्रावक हरवलं आणि किती पाणी उडवावं लागलं. परीक्षक खूश होतील की नाही ठाऊक नाही, पण मी असतो तर झालो असतो.

मग मी तुमच्या जागी काय केलं असतं? तुमच्याकडे ऑटोक्लेव्ह नाही असं धरतो, कारण असतं तर तुम्ही लिहिलं असतं. मी एन-ब्युटेनॉल घेतलं असतं. थोडंसं पाणी आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून काचेच्या फ्लास्कमध्ये वर कंडेन्सर लावून उकळत ठेवायचं. दाब नाही. ब्युटेनॉल सांभाळण्याचं काम चांगलं करतं. त्याची बाष्पन उष्णता पाण्याच्या जेमतेम पाव, आणि ते स्वतः उडतं, लिग्निन मागे राहतं. पाण्याबरोबर त्याचा एकत्र उकळणारा बिंदू ९३ अंशांच्या जवळ आहे आणि थंड झाल्यावर ऊर्ध्वपातित द्रव आपोआप दोन थरांत फुटतो: वर ब्युटेनॉल, खाली पाणी. रिकव्हरीवाल्या माणसाला हे दृश्य किती सुखाचं असतं, ते सांगून कळणार नाही. ब्युटेनॉल साखरेच्या किण्वनातूनही होतं, तेव्हा मूळही वनस्पतीचं दाखवता येतं.

त्याचे दोषही लिहून ठेवा. खालच्या पाण्याच्या थरात सात-आठ टक्के ब्युटेनॉल विरघळून जातं, ते सोडून दिलं तर गळती तुमच्याच माथी. लिग्निनवर ईथर बनून बसलेलं ब्युटेनॉल परत येत नाही. वास उग्र आहे आणि ३५-३७ अंशांच्या पुढे त्याची वाफ पेट घेऊ शकते, म्हणजे नाशिकच्या मे महिन्यात साध्या खोलीतसुद्धा. तेव्हा हीटिंग मँटल, धुराडं (फ्यूम हूड), आणि आसपास ज्योत नाही.

ऑटोक्लेव्ह असेल तर इथेनॉल-पाणी, साधारण साठ-चाळीस, १८० ते १९० अंश, तासभर. दाब २० बारच्या आसपास. ऊर्ध्वपातन करताना इथेनॉल पाण्याबरोबर ९५.६ टक्क्यांवर अडकतं म्हणून लोक घाबरतात, पण आपल्याला परत साठ टक्क्यांचंच हवं आहे, त्यामुळे तो अडथळा इथे अडथळाच नाही. शुद्ध अल्कोहोलसाठी कॉलेजला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, तो विभागाकडे आहे का ते विचारून ठेवा. गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन लिग्निन फार छान विरघळवतं, लेव्युलिनिक ॲसिडपासून होतं, पण २०७ अंशांना उकळतं. म्हणजे पाणी उडवण्याचं रडगाणं पुन्हा तेच, आणि किंमत वर. डायऑक्सेन लिग्निनवाल्यांचं जुनं लाडकं द्रावक, पण विषारी आणि ठेवून ठेवलं की पेरॉक्साइड बनवणारं, तेव्हा प्रकल्पाच्या नावात 'हिरवं' असताना त्याला हात लावू नका.

आणि कोलीन क्लोराईडचंच चालू ठेवायचं असेल, प्रस्ताव मंजूर झालाय वगैरे, तरी चालेल. लॅक्टिक ॲसिडच्या मिश्रणात इथिलीन ग्लायकॉलचा वाटा घाला, तापमान ९० ते ११० वर आणा, आणि सहा तास थांबण्याऐवजी अर्ध्या तासाला, एका तासाला, दोन तासांना वेगवेगळे नमुने काढा. उतारा कमी पडेल. पडू द्या. रंगाकडे लक्ष ठेवा. सुकं लिग्निन बदामी किंवा विटकरी आलं तर सांधे बरेचसे शाबूत आहेत. चॉकलेटी आलं तर हद्द. डांबर आलं तर तुम्हाला माहीतच आहे.

तो गोळा निम्मा ओतण्याच्या पद्धतीने होतो, हे कुणी सांगत नाही. गरम काळ्या द्रवात वरून पाणी ओतलं की लिग्निन एकदम, मऊ अवस्थेत खाली येतं आणि एकमेकांना चिकटतं. उलट करा. द्रव आधी थोड्या इथेनॉलने पातळ करा, लगदा गाळून त्याच मिश्रणाने धुवा, द्रव थंड होऊ द्या. मग पाच-सहा पट बर्फासारखं थंड पाणी, सामू २ च्या आसपास, ढवळणी जोरात, आणि त्यात हा द्रव बारीक धारेने सोडा. कॉफीच्या भुकटीसारखं ढगाळ काहीतरी दिसेल. रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी सेंट्रिफ्यूज, कारण गाळणकागद हमखास तुंबतो. आणि ओलं लिग्निन १०५ अंशांच्या भट्टीत टाकू नका, ते मऊ होऊन पुन्हा ढेकूळ होतं. ४० अंशांना निर्वातात, नाहीतर सरळ पंख्याखाली दोन दिवस.

काड्यांबद्दल दोन गोष्टी, कारण द्राक्षाची काडी म्हणजे निव्वळ लाकूड नाही. तिच्यात टॅनिन आणि रेझव्हेराट्रॉलसारखी स्टिल्बीन वर्गातली द्रव्यं असतात. आधी ती गरम पाण्याने आणि इथेनॉलने काढून टाकली नाहीत तर लिग्निन मोजताना आकडा फुगतो. ही काढलेली द्रव्यं फेकू नका. माझ्या मते तुमच्या काडीतली किमतीची गोष्ट व्हॅनिलिनआधी तीच आहे, आणि छाटलेल्या काड्या लगेच न वाळवता काही आठवडे ठेवल्या तर रेझव्हेराट्रॉल वाढतं असंही दिसून आलं आहे. दुसरी गोष्ट मोरचुदाची. बोर्डोच्या फवारण्यांनी काडीच्या सालीवर तांबं बसलेलं असतं. कॉपर ऑक्साइड हे लिग्निन तपासणीतलं जुनं ऑक्सिडीकारक आहे, तेव्हा अल्कलीत ऑक्सिडेशन करणार असाल तर वेगवेगळ्या बागांच्या काड्या वेगवेगळा निकाल देतील आणि तुम्ही कारण शोधत बसाल. काड्या धुवा, आणि राखेतलं तांबं एकदा मोजून घ्या.

लिग्निन मोजायचं ते क्लासन पद्धतीने: ३०० मिलिग्रॅम नमुना, ७२ टक्के सल्फ्युरिक ॲसिड ३ मिली, ३० अंशांना तासभर, मग ८४ मिली पाणी घालून १२१ अंशांना ऑटोक्लेव्हमध्ये तासभर. जीवशास्त्र विभागाचं निर्जंतुकीकरणाचं ऑटोक्लेव्ह याला चालतं. उरलेल्यातून राख वजा करा. हे मूळ काडीवर, लगद्यावर आणि मिळालेल्या लिग्निनवर, तिन्हीवर. बेरीज जुळली नाही तर पुढे जाऊ नका.

जीसी-एमएसमध्ये काही दिसलं नाही याचं नवल वाटून घेऊ नका. त्या यंत्राला फक्त उडू शकणारे लहान रेणू दिसतात. तुमच्या बाटलीत बहुतेक सगळे मोठे तुकडे आहेत आणि ते कॉलमच्या तोंडाशीच बसतात. रेण्वीय वजनासाठी जीपीसी, आणि बीटा-ओ-४ किती शिल्लक आहे ते बघायला द्विमितीय एनएमआर. ही सोय पुणे विद्यापीठात किंवा आयआयटी मुंबईच्या सैफमध्ये (तिथल्या तपासणी-यंत्रांच्या केंद्रात) पैसे भरून मिळते. दहा नमुने पाठवू नका, तीन पाठवा: सौम्य पद्धतीने काढलेलं, मूळ लाकडातल्यासारखं लिग्निन, मधलं, आणि तो काळा गोळा.

त्या एनएमआरचा आकडा का महत्त्वाचा, तर त्यातून कमाल उतारा कागदावरच निघतो. एकटा रेणू सुटायला त्याच्या दोन्ही बाजूंचे सांधे तुटायला हवेत. म्हणून ढोबळ हिशेब वर्गाचा. सांध्यांपैकी निम्मे तुटण्याजोगे असतील तर ०.५ गुणिले ०.५, म्हणजे २५ टक्के. साठ टक्के असतील तर ३६. तुमच्या गोळ्यात दहाच टक्के उरले असतील तर एक टक्का! मग उत्प्रेरक सोन्याचा घाला नाहीतर प्लॅटिनमचा.

बगॅसकडे, म्हणजे उसाच्या चिपाडाकडे, वळण्याचा मोह होईल, आपल्याकडे ते सहज मिळतं. तिथे एक सापळा आहे. उसाच्या लिग्निनवर कुमारिक आणि फेरुलिक आम्ल एस्टरने लटकलेली असतात, ती साध्या अल्कलीत, फारसं न तापवता सुटतात. जीसीत मग मोठमोठी शिखरं दिसतात, ४-व्हिनिलफिनॉल वगैरे, आणि माणूस 'लिग्निन तोडलं' असं लिहून मोकळा होतो. मुख्य साखळीला त्यात धक्काही लागलेला नसतो. वाईट नाही, फेरुलिक ॲसिडला बाजार आहे. फक्त त्याला लिग्निनचं विघटन म्हणू नका.

व्हॅनिलिनबद्दल शेवटी, कारण वडिलांना उत्पन्न दाखवायचं असं तुम्ही लिहिलंय. लाकडापासून व्हॅनिलिन बनवण्याचा धंदा खरोखर चालतो, नॉर्वेतली बोरेगार्ड कंपनी १९६० च्या दशकापासून करते आहे. पण ती स्प्रूस वापरते, ज्यात जवळपास सगळं जी लिग्निन. तुमच्या वेलीत एस पण आहे, त्याचं सिरिंगाल्डिहाइड होतं, आणि ती दोन वेगळी करण्यातच नफा जातो. एक किलो काडीतून दोनशे ग्रॅम लिग्निन आणि त्याच्या पाच टक्के व्हॅनिलिन धरलं तर दहा ग्रॅम. समोर स्पर्धेला पेट्रोलियमच्या ग्वायाकॉलपासून बनणारं स्वस्त व्हॅनिलिन. एका बागेच्या काड्यांवर हे बसत नाही, हे वडिलांना आत्ताच सांगा. प्रबंधासाठी मात्र विषय चांगला आहे. सौम्य लिग्निन हाती आलं की ते प्लायवूडच्या फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिनमध्ये काही टक्के फिनॉलच्या जागी घालून बघता येईल. त्याला लिग्निन तोडावंही लागत नाही आणि शुद्धतेचा हट्टही कमी.

तर क्रम असा धरा: काड्या धुऊन, द्रव्यं काढून, क्लासन. मग ब्युटेनॉल एकीकडे आणि तुमचं मिश्रण ११० च्या आत दुसरीकडे, एकाच काडीवर. मग तीन एनएमआर. तोडण्याची पायरी त्यानंतर. आणि तो काळा गोळा टाकून देऊ नका, बाटलीत घालून तारीख लिहून ठेवा. तुलनेला तिसरा नमुना तोच लागणार आहे.